रिसेल फ्लॅट, गृहकर्ज आणि आपला स्वतःचा वकील: कसा निवडावा, काय करून घ्यावं?

घरशोध
पुण्यात नऱ्ह्याला एक रिसेल टू बीएचके ठरवतोय. इमारत २००९ ची, सोसायटी नाही, 'अपार्टमेंट' आहे. किंमत ७२ लाख, कर्ज ५४ लाख. विकणाऱ्यांचं स्वतःचं कर्ज अजून चालू आहे.

बँक म्हणते, आमच्या पॅनेलचे वकील टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासतात, वेगळा खर्च कशाला? एजंट म्हणतो, माझ्याकडे वकील आहेत, साठेखत (विक्रीचा करार) आणि रजिस्ट्रेशन दोन्ही बघतील. शनिवारी २ लाख विसार (आगाऊ रक्कम) द्या म्हणतायत. वेगळा वकील लावावा का, लावला तर कसा निवडावा आणि त्याच्याकडून नेमकं काय मागावं?

दस्तनोंद
शनिवारी विसार देऊ नका. आधी वकील, मग विसार. नव्वद टक्के माणसं हे उलटं करतात आणि मग वकिलाने त्रुटी काढली तरी २ लाख अडकलेले असल्यामुळे ती पोटात घालतात.

बँकेच्या वकिलाबद्दल. त्याची फी तुमच्याकडूनच घेतात, पण त्याचा अशील बँक. त्याला उत्तर द्यायचं असतं एकाच प्रश्नाचं: हप्ते थकले तर ही मिळकत विकून आमचे ५४ लाख वसूल होतील का? तुमचे वरचे १८ लाख, ताब्याची तारीख, पार्किंगचा हक्क, विकणाऱ्याकडची मेंटेनन्सची थकबाकी, सौदा फिसकटला तर पैसे परत मिळण्याची अट, यातलं काहीही त्याच्या कामात बसत नाही. त्याचा अहवाल बहुतेक बँका ग्राहकाला दाखवतही नाहीत. बँकेने कर्ज दिलं म्हणजे टायटल साफ, ही समजूत मनातून काढून टाका. उद्या वाद निघाला तरी हप्ता तुम्हालाच भरायचाय.

एजंटचा वकील विकणाऱ्याचंही साठेखत करणार असेल तर तो तुमचा वकील नव्हेच. ज्याने एका पक्षाला सल्ला दिला त्याने त्याच प्रकरणात दुसऱ्या पक्षासाठी उभं राहू नये, हा वकिलांच्या आचारसंहितेचा नियम आहे. शिवाय निबंधक कार्यालयाबाहेर चलन काढून, डेटा एंट्री करून, दस्त नोंदवून देणारे सगळेच वकील नसतात. ते नोंदणीचं काम चोख करतील, पण टायटलवर मत देणं हे त्यांचं काम नाही.

हवेली_तालुका
'स्थानिक' या शब्दावर जोर द्या. मुंबईत हायकोर्टात नावाजलेला वकील नऱ्ह्याच्या फ्लॅटसाठी कमी उपयोगाचा, स्वारगेट-शिवाजीनगरला रोज दफ्तर चाळणारा जास्त उपयोगाचा. कारणं ठोस आहेत.

एक, सर्च, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदींचा शोध. हवेली तालुक्यात दुय्यम निबंधकांची वीसहून अधिक कार्यालयं आहेत आणि तालुक्यातल्या मिळकतीचा दस्त त्यातल्या कुठल्याही कार्यालयात नोंदवता येतो. नऱ्ह्याचा फ्लॅट आहे म्हणून जवळच्या एका कार्यालयात पाहिलं आणि झालं, असं चालत नाही. ऑनलाइन ई-सर्चवर मुंबईच्या नोंदी १९८५ पासून आहेत, उरलेल्या महाराष्ट्राच्या २००२ पासून. तीस वर्षांचा शोध घ्यायचा तर २००२ च्या आधीची सूची (नोंदलेल्या दस्तांची यादी) प्रत्यक्ष पुस्तकांतूनच पाहावी लागते. ती पानं बऱ्याच ठिकाणी फाटलेली असतात. प्रामाणिक सर्च रिपोर्टमध्ये वर्षवार लिहिलेलं सापडतं: '१९९७: निरंक', '१९९८: काही पाने फाटलेली', '१९९९: निरंक'. तीसही वर्षं एकसारखी 'निरंक' (काही नोंद नाही) दिसली तर तो माणूस दफ्तरापर्यंत गेला होता का, हे विचारा.

दोन, परवानगी कुणी दिली हे. नऱ्हे पुणे महापालिकेत आलं ते २०२१ मध्ये, वाघोली, मांजरी, सूस यांच्याबरोबर २३ गावांत. धायरी, उंड्री, आंबेगाव २०१७ च्या ११ गावांत आले. पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) २०१५ ची. म्हणजे तुमच्या २००९ च्या इमारतीला ना महापालिकेची परवानगी असणार, ना पीएमआरडीएची. जिल्हाधिकाऱ्यांचा बिगरशेती आदेश आणि त्यासोबत मंजूर झालेला बांधकाम नकाशा हवा. नुसता ग्रामपंचायतीचा दाखला आणि घरपट्टीचा उतारा दाखवत असतील तर तिथेच थांबा. इमारतीच्या वर्षावरून कुठला कागद मागायचा हे इथला वकील बोटावर सांगतो. बाहेरचा 'पीएमसीचं सीसी द्या' (महापालिकेचा बांधकाम परवाना द्या) म्हणून पत्र पाठवतो आणि महिना वाया जातो.

घरशोध
खूप उपयोगी. पण तीन वकिलांना भेटलो तरी कुठला चांगला हे मला कळणार कसं? सगळे 'काळजी करू नका' म्हणतात.

इतर_हक्क
दोन गोष्टी मागा. पहिली, त्यांनी पूर्वी केलेला एखादा टायटल रिपोर्ट, नावं झाकून. दुसरी, तुमच्या फ्लॅटच्या जमिनीचा सातबारा (किंवा मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड) त्यांच्यासमोर ठेवा आणि त्यांची नजर कुठे जाते ते पाहा.

नवखा माणूस कब्जेदाराचं नाव वाचतो. जाणता वकील आधी 'इतर अधिकार' रकान्यात शिरतो. तिथे बँकेचा, पतसंस्थेचा बोजा (कर्जाची नोंद) असतो, कुळाचं नाव असतं, 'सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरणास बंदी' असतं. मग तो भोगवटादार वर्ग पाहतो, १ की २. वर्ग २ म्हणजे शासनाकडून मिळालेली, वतनाची, कुळकायद्याने मिळालेली असली काही जमीन. तिच्यावर परवानगी आणि नजराण्याशिवाय (सरकारला भरायच्या रकमेशिवाय) इमारत उभी राहिली असेल तर त्याचा ताप वरच्या प्रत्येक फ्लॅटधारकाला.

त्यानंतर फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी. सातबाऱ्यावर कंसात किंवा वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफार क्रमांक. वकिलाने त्यातला प्रत्येक काढून वाचायला हवा. तिथे 'ए.कु.मॅ.' दिसलं की एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून एकाचं नाव लागलंय, मागे भाऊ-बहिणी आहेत. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात त्या वेळी कुणीतरी अठराच्या आतलं होतं आणि त्याच्या वतीने दुसऱ्याने सही केली. त्या मुलाच्या स्वतःच्या मालकीचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकला असेल तर सज्ञान झाल्यावर ३ वर्षांत तो दावा लावू शकतो. आणि मुली! वारस नोंदीत पाच नावं आणि विकसन करारावर तीनच सह्या, हा पुण्याच्या आसपास सगळ्यात जास्त आढळणारा दोष. बहिणींचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का हे पाहावंच लागतं. नोटरी केलेल्या हक्कसोडपत्राने हक्क जात नाही.

जमीन जुनी इनामाची असेल तर मागचे काही कागद मोडी लिपीतले निघतात. तेव्हा मोडी वाचून देणारा माणूस ज्याच्या ओळखीत आहे असा वकील लागतो. तुमच्या प्रकरणात बहुधा गरज नाही.

कोथरूडकर
एवढं सगळं एका फ्लॅटसाठी? बिल्डरने तेव्हा टायटल सर्टिफिकेट दिलेलं असतं, त्यावर पन्नास फ्लॅटना कर्जं मिळालेली असतात. १५ वर्षं कुणी काही बोललं नाही. नुसती सूची २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि साखळी (आधीच्या खरेदीविक्रीचे दस्त) पाहिली तरी पुरे.

इतर_हक्क
नाही, पटत नाही. बिल्डरचं टायटल सर्टिफिकेट त्याच्या वकिलाचं, आणि ते २००७-०८ पर्यंतचं. त्यानंतर जमिनीवर काय झालं ते त्यात कसं असेल? बिल्डरने उरलेली जागा किंवा न विकलेले फ्लॅट गहाण टाकलेत का, वाटपाचा दावा दाखल झालाय का, हे नव्यानेच पाहावं लागतं. पन्नास कर्जं मिळाली म्हणजे पन्नास वेळा तोच जुना कागद जोडला गेला, इतकंही असू शकतं.

एक मात्र मान्य. सोसायटी जुनी असेल, जमीन सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स (मालकीचं हस्तांतरण) झालेली असेल आणि मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव चढलेलं असेल, तर जमिनीच्या खोलात जायची गरज बरीच कमी होते. इथे तसं नाही.

दस्तनोंद
कोर्टातल्या दाव्यांबद्दल भर घालतो. ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या ऑनलाइन पोर्टलवर) गट नंबर, म्हणजे जमिनीचा क्रमांक, टाकून शोधता येत नाही, पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने शोधावं लागतं. म्हणून वकिलाला मूळ जमीनमालक, बिल्डरची फर्म, तिचे भागीदार आणि विकणारा, एवढी नावं घेऊन शोधायला सांगा. मराठी नावांचं इंग्रजी स्पेलिंग चार प्रकारे होतं, ते चारही टाकून पाहावं लागतं. सेरसायवर (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत) मिळकतीच्या वर्णनाने शोध घ्यायला १० रुपये आणि वर जीएसटी एवढाच खर्च. तिथे विकणाऱ्याच्या बँकेची नोंद दिसायलाच हवी. तिच्याबरोबर दुसऱ्या कुणाची दिसली तर त्या फ्लॅटवर दोन कर्जं आहेत.

भाग_दाखला
घरशोध, तुमच्या धाग्यातला 'अपार्टमेंट' हा शब्द सगळ्यांनी ओलांडलाय, पण वकिलाला पहिल्या भेटीत तोच सांगा.

सोसायटीत तुम्ही सभासद असता, मालकीची खूण म्हणजे भाग दाखला. तो उलटा करून मागच्या बाजूचे हस्तांतरणाचे शेरे साखळीशी जुळतात का ते बघायचं. अपार्टमेंटमध्ये भाग दाखला नसतोच. तिथे १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली दोन कागद लागतात: बिल्डरने नोंदवलेलं घोषणापत्र, म्हणजे डिक्लरेशन, आणि प्रत्येक फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट. त्या डीडने फ्लॅट आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा तुमच्या नावे होतो.

गोची अशी की कित्येकांनी साठेखत केलं, ताबा घेतला आणि डीड कधी केलंच नाही. विकणाऱ्याकडे नुसतं २००९ चं साठेखत असेल तर पूर्ण मालकी अजून बिल्डर आणि जमीनमालकाकडेच आहे. मग आधी बिल्डरकडून विकणाऱ्याला डीड, मग विकणाऱ्याकडून तुम्हाला. बिल्डरची फर्म विसर्जित झाली असेल किंवा भागीदार वारले असतील तर हेच काम महिनोन्‌महिने रखडतं. डिक्लरेशनमध्ये तुमच्या फ्लॅटच्या हिश्श्याची टक्केवारी आणि पार्किंग कसं लिहिलंय तेही वाचून घ्या. पार्किंगची भांडणं तिथूनच सुरू होतात.

साठेखत
विकणाऱ्याचं कर्ज चालू असताना पैशाचा क्रम वकिलाने साठेखतात लिहायला हवा. तोंडी ठरवू नका. क्रम असा:

विकणारा आपल्या बँकेकडून दोन कागद आणतो, कर्ज बंद करण्याच्या रकमेचं पत्र आणि बँकेत ठेवलेल्या मूळ कागदांची यादी. यादी आधी बघा. मूळ साठेखत, नोंदणीची पावती, सूची २, आधीचे दस्त, सगळं त्या यादीत हवं. एखादा मूळ दस्त नसेल तर पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार, जाहीर नोटीस आणि निबंधकाकडून प्रमाणित प्रत, हे सोपस्कार साठेखताच्या आधी उरकायचे.

मग तुमची कर्जमंजुरी. मग साठेखत आणि नोंदणी. त्यानंतर तुमची बँक पहिला चेक विकणाऱ्याच्या नावे न काढता त्याच्या बँकेच्या नावे, कर्जखाते क्रमांकासह काढते. ते कर्ज बंद झालं की मूळ कागद त्या बँकेतून थेट तुमच्या बँकेच्या माणसाच्या हातात जायला हवेत, विकणाऱ्याच्या घरी नाही. उरलेली रक्कम कागद मिळाल्यावरच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तरी सेरसायवरचा जुना बोजा उतरला की नाही, ते तुमच्या वकिलाने महिन्याने पुन्हा तपासायचं. फी ठरवतानाच हे काम त्यात धरा, नाहीतर नंतर कुणी बघत नाही.

आता आकडे, कारण १८ लाखांत भागेल असं तुम्ही धरलेलं दिसतं. ७२ लाखांवर महापालिका हद्दीत मुद्रांक ७ टक्के, ५ लाख ४ हजार. नोंदणी फी ३० हजार. कर्जाच्या तारणाचा मुद्रांक ०.३ टक्के, ५४ लाखांवर १६,२०० रुपये, आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (तारणाची निबंधकाला सूचना) ३० दिवसांत दाखल करायची. बँक मुद्रांकावर कर्ज देत नाही, म्हणजे हे साडेपाच लाख १८ लाखांच्या वर. रेडी रेकनरची (सरकारी दराची) किंमत ७२ लाखांपेक्षा जास्त निघाली तर मुद्रांक तिच्यावर. खरेदी फक्त महिलेच्या नावे असेल तर १ टक्का सूट, ७२ हजार वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावे घेतलं तर ती मिळत नाही.

किंमत ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस (आगाऊ कापायचा आयकर), ७२,००० रुपये, तुम्ही कापून विकणाऱ्याच्या पॅनवर भरायचे. हा तुमचा जादा खर्च नाही, किमतीतूनच जातो, पण साठेखताच्या पैशाच्या तक्त्यात तो वेगळा दाखवा. नाही दाखवला की शेवटच्या चेकच्या दिवशी विकणारा '७२ हजार कमी का' म्हणून अडून बसतो.

बे_एरियातून
विकणारे परदेशात असतील तर? इथे अमेरिकेतल्या मराठी मंडळींत बरेच जण पुण्यातले फ्लॅट भावाला कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) देऊन विकतात.

दस्तनोंद
तीन गोष्टी. कुलमुखत्यारपत्र वाणिज्य दूतावासात साक्षांकित किंवा अपोस्टिल केलेलं हवं आणि भारतात आल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक भरलेला हवा. त्यात या विशिष्ट फ्लॅटचं वर्णन आणि 'विक्री करणे, मोबदला स्वीकारणे, दस्त नोंदवून कबुली देणे' हे अधिकार स्पष्ट हवेत. 'मिळकतीची देखभाल करणे' यावर विक्री होत नाही. नोंदणीच्या वेळी, कुलमुखत्यारपत्र देणारा हयात आहे आणि त्याने ते रद्द केलेलं नाही, असं घोषणापत्र जोडावं लागतं. वकिलाने त्या मालकाशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलूनच घ्यावं. पैसे मालकाच्या खात्यात, भावाच्या नाही. अनिवासी विकणाऱ्याला ५० लाखांची मर्यादा लागू नाही, टीडीएसचा दरही १ टक्क्याहून बराच जास्त. त्यासाठी सीए वेगळा लागेल.

हवेली_तालुका
फीबद्दल कुणी लिहिलं नाही. फी लेखी आणि तुकड्या-तुकड्यांत मागा: सर्च आणि टायटल रिपोर्टचे किती, जाहीर नोटिशीचे किती (वर्तमानपत्राचं बिल वेगळं), विसारपावती आणि साठेखताच्या मसुद्याचे किती, नोंदणीला हजर राहण्याचे किती. सरकारी चलनं तुमच्या नावाने काढा, पावत्या तुमच्याकडे. 'ऑफिसात वर काही द्यावं लागतं' असा आकडा सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. फी किमतीच्या टक्क्यात सांगत असतील तर कामाच्या तासांवर बोला, ५० लाखांच्या आणि ९० लाखांच्या फ्लॅटचा सर्च सारखाच असतो. आणि सगळी फी सौदा पूर्ण झाल्यावर घेणारा वकील स्वस्त वाटतो, पण मग सौदा मोडा हे सांगणं त्याच्या तोट्याचं होतं. रिपोर्टचे पैसे रिपोर्टबरोबर देऊन टाका.

सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक विचारायला लाजू नका. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचं ओळखपत्र असतं, त्यावर क्रमांक आणि वर्ष दिसतं. रिपोर्टवर सही, शिक्का, सनद क्रमांक आणि सर्चची चलन पावती जोडलेली हवी. पावतीवरचा कालावधी आणि गट नंबर वाचा. गट एक आणि पावती दुसऱ्याच गटाची, हेही घडतं.

रिपोर्टच्या शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवा. 'मला दाखवलेल्या कागदांच्या आधारे टायटल निर्वेध दिसते' हे वाक्य सगळेच लिहितात. त्याच्या आधी कुठले कागद पाहिले, कुठले मागूनही मिळाले नाहीत आणि त्यामुळे काय धोका राहतो, हे लिहिलेलं असेल तो वकील धरा. पहिल्या भेटीत 'हा कागद आणा, तोपर्यंत मी काही सांगणार नाही' म्हणणारा माणूस रुक्ष वाटतो, पण तोच कामाचा.

घरशोध
विसार पुढे ढकलला. विकणारे म्हणतात, दुसरं गिऱ्हाईक आहे, निदान ५१ हजार द्या. दिले तर कशावर लिहून घेऊ?

साठेखत
५१ हजार चालतील, पण चेकने किंवा ऑनलाइन, विकणाऱ्याच्याच खात्यात, आणि विसारपावतीत हा मजकूर हवाच:

'सदर मिळकतीचे टायटल निर्वेध व विक्रीयोग्य असल्याबाबत लिहून घेणार यांच्या वकिलांचा अहवाल, तसेच लिहून घेणार यांच्या बँकेची कर्जमंजुरी, या दोन्ही गोष्टींच्या अधीन राहून ही विसार रक्कम दिलेली आहे. यांपैकी कोणतीही गोष्ट ४५ दिवसांचे आत पूर्ण न झाल्यास लिहून देणार यांनी सदर रक्कम कोणतीही कपात न करता १५ दिवसांचे आत परत करावयाची आहे. सदर मुदतीत लिहून देणार यांनी मिळकत अन्य कोणासही विक्री, गहाण अथवा अन्य प्रकारे तबदील करावयाची नाही.'

खाली फ्लॅटचं पूर्ण वर्णन, गट नंबर, चटई क्षेत्र, पार्किंग, विकणाऱ्याच्या कर्जखात्याचा उल्लेख. सहमालक असेल तर त्याचीही सही, नुसती नवऱ्याची घेऊन येऊ नका.

भाग_दाखला
आणि त्याच वेळी डिक्लरेशन आणि डीड ऑफ अपार्टमेंटच्या झेरॉक्स मागून घ्या. डीड नाही असं निघालं तर ४५ दिवस पुरणार नाहीत, ९० लिहा.

घरशोध
आत्ताच विचारलं. डीड झालेलं नाही म्हणाले, 'बिल्डर करून देईल कधीही'. ५१ हजारही थांबवतो. सोमवारी स्वारगेटला दोन वकिलांना भेटायचंय, सातबारा काढून ठेवलाय. इतर अधिकारात एका पतसंस्थेचा २००६ चा बोजा दिसतोय.

इतर_हक्क
फेरफार क्रमांक घेऊन जा. बोजा कमी केल्याचा नंतरचा फेरफार झाला असेल आणि संगणकीकरणात जुनी नोंद तशीच राहिली असेल, तर तलाठी कार्यालयात दुरुस्ती होते. तसा फेरफार नसेल तर पतसंस्थेचा बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचा) बिल्डरने किंवा जमीनमालकाने आणायचा, तुम्ही नाही.